तबकडीची दुसरी बाजू



निपाणीच्या आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात त्यांनी जमविलेल्या ध्वनिमुद्रिका आहेत. दर नाताळात चावीचा फोनो माळ्यावरून खाली येई आणि आजोबा आपल्या आवडीच्या तबकड्या लावीत. गेल्या वर्षी ती ट्रंक आवरताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. बहुतेक प्रत्येक तबकडीची एक बाजू झिजून राखी रंगाची झाली होती. दुसरी मात्र काळीभोर, चकचकीत राहिली होती. आमच्या घराने इतकी वर्षे एकच बाजू ऐकली होती!

हा रंग का पालटतो, ते आधी सांगितले पाहिजे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या तबकड्या लाखेच्या असत, आणि त्या लाखेत बारीक खनिज पूड मिसळलेली असे. पोलादी सुईचे टोक घासून खाचेत नेमके बसावे, हा त्या पुडीचा हेतू. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी, असा दंडक होता. परंतु सुई झिजे, तशी खाचही झिजे. आणि सुई न बदलता तीच पुनःपुन्हा वापरली, तर ती खाच अधिकच खरवडून निघे. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. मग उठायचे, तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी द्यायची. एवढा खटाटोप करायचा, तर माणूस ओळखीचे, आवडते गाणेच पुन्हा लावी. दुसरी बाजू तशीच राहून जाई.

त्या ट्रंकेत एका तबकडीवर ‘गांधारी हनगल’ असे नाव होते. तिची कोरी बाजू मी लावली. एका तरुण मुलीचा बारीक, उंच, कोवळा आवाज खोलीत उमटला. गीत मराठी होते. ही गांधारी म्हणजेच गंगूबाई हनगल, हे ठाऊक असूनही माझा कानांवर विश्वास बसेना. कारण आपल्याला माहीत असलेल्या गंगूबाईंचा आवाज भारदस्त, खोल, जवळजवळ पुरुषी. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज असा पालटला. पालटलेल्या आवाजाचे दुःख करीत न बसता त्यांनी त्यातूनच आपली गायकी उभी केली, आणि जगाने तीच लक्षात ठेवली. त्यापूर्वीच्या गंगूबाई मात्र अशा कोऱ्या बाजूंवर राहून गेल्या.

बाईंचा जन्म 1913 साली धारवाडला झाला. मातृभाषा कानडी, आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे गाणाऱ्या. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गंगूबाईंनी तेथे स्वागतगीत गायिले. त्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या. जेवणानंतर आपणांस उष्टी काढावयास तर सांगणार नाहीत ना, हीच धास्ती त्या दिवशी मनात होती, असे त्या पुढे सांगत. जातीने घातलेली ती धास्ती होती. अशी मुलगी 1930 नंतरच्या दशकात मुंबईला जाऊन ध्वनिमुद्रिका देते, जी. एन. जोशींसारख्या भावगीतगायकाबरोबर मराठी द्वंद्वगीते गाते; आणि मग सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जाऊ लागते. 2002 साली तिला पद्मविभूषण मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तिथवरची वाट कळते ती या भावगीतांतून. आणखी एक गोष्ट कळते. सीमेच्या दोन्ही अंगांना आपण भाषेवरून पुष्कळ वाद घातले. पण कानडी घरातील एक मुलगी मराठी गीत किती सहज गाते, याचा पुरावा माझ्या ट्रंकेत कित्येक वर्षे न ऐकता पडून होता.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “बाई, आमच्या बँडचंही असंच आहे.” बँडचे नाव रेड हॉट चिली पेपर्स, म्हणजे लाल तिखट मिरच्या! संकेश्वरी मिरचीच्या मुलखात हे नाव ऐकून सारा वर्ग हसला. 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेला हा वाद्यवृंद. नीग्रो संगीतातून आलेला फंक हा ठेकेदार प्रकार आणि रॉक यांचा मेळ त्याने घातला. 1988 साली त्यांचा गिटारवादक हिलेल स्लोव्हाक अमली पदार्थांना बळी पडला. 1991 च्या त्यांच्या संग्रहात सतरा गाणी आहेत. त्यांतील पाचच स्वतंत्रपणे बाजारात आली. ‘अंडर द ब्रिज’ तर जगभर गाजले. पण गेलेल्या त्या मित्रासाठी रचलेले ‘माय लव्हली मॅन’ हे गाणे त्या पाचांत नाही. “ते ऐकल्याशिवाय हा बँड कळत नाही,” असे तो मुलगा म्हणाला. मला त्याचे म्हणणे पटले. गाजलेल्या गाण्यात कलावंत जगाशी बोलतो; मागे राहिलेल्या गाण्यात पुष्कळदा तो आपल्या माणसांशी बोलत असतो.

आता तर तबकडी उलटण्याचेही कष्ट उरले नाहीत. तरी फोनवर गायकाचे नाव घातले, की सर्वांत अधिक ऐकलेले गाणेच आधी पुढे येते. ऐकलेलेच पुन्हा ऐकले जाते. पूर्वी आळसामुळे जे होई, ते आता यंत्र आपल्यासाठी करते.

म्हणून दोन विनंत्या करते. घरात जुन्या तबकड्या असतील, तर त्या भंगारात घालू नका. त्या आडव्या न रचता उभ्या ठेवा. स्पिरिटने मात्र कधी पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. जाणत्या माणसाकडून हलक्या सुईवर त्यांची एकदा नक्कल करून घ्या, आणि ती दोन्ही बाजूंची घ्या. दुसरी विनंती तरुणांना. ज्याचे एक गाणे आवडले, त्याचा एक तरी संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका.

यंदाच्या नाताळात फोनो पुन्हा खाली येईल. आजोबा नाहीत, त्यांची राखी बाजू मला पाठ आहे. आरंभ मी दुसऱ्या बाजूने करणार आहे.