चुलीपाशी – भाग ९ : राखेची चावी

कारंजा तालुक्यातल्या धनजला मामाच्या शेतात रोडग्यांचा बेत ठरला की आम्हा भाच्यांच्या वाट्याला एकच काम यायचं, गोवऱ्या वाहायच्या. बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग पडलेला, तुराट्यांचे भारे रचलेले, आणि तरी घरून पोती भरभरून गोवऱ्या न्यायच्या. एकदा वैतागून विचारलं, इथं जळण काय कमी आहे? मामा म्हणाले, "पऱ्हाटी चहाले ठीक हाय बाप्पा. रोडग्याले गोवरीच पाह्यजे." का, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला कळलं बऱ्याच वर्षांनी, पुण्यात एका मित्राच्या गच्चीवर, भाजलेल्या मातीच्या एका भल्यामोठ्या हिरव्या अंड्यापुढे बसून.

त्या अंड्याला कामाडो म्हणतात. जपानी भाषेत कामाडो म्हणजे चूलच. तिथली भात शिजवायची झाकणवाली मातीची भट्टी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी मायदेशी नेली आणि तिच्यात भाताऐवजी मांस भाजायला सुरुवात केली. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात अशा भट्ट्यांचं दुकान थाटलं. पुढे हेच अंडं जगभर गेलं. आपल्या तंदुराचा हा चुलतभाऊ, फक्त घट्ट बसणारं झाकण असलेला. जाड भिंत, आत लाकडी कोळसा, बुडाशी हवा आत घेणारी एक खिडकी, झाकणाच्या टोकाला हवा बाहेर सोडणारी दुसरी. आच कमीजास्त करायला याहून दुसरं काही नाही. झाकणावर तापमापक असतो, पण तो फक्त चुगलखोर. त्याच्या हातात काही नसतं.

पहिल्याच दिवशी मी त्या अंड्याची खोड ओळखू शकलो नाही. कोंबडी मंद आचेवर, १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, दोनतीन तास मुरवायची होती. दोन्ही खिडक्या सताड उघडून मी कांदा चिरायला गेलो. परत आलो तर काटा दोनशेच्या पुढे. घाईघाईने दोन्ही खिडक्या बंद केल्या आणि काटा खाली यायची वाट पाहत बसलो. तो तासाभरात जेमतेम हलला. कोळसा मलूल झाला होता, पण तोवर भिंतीने पोटभर उष्णता पिऊन घेतली होती आणि आता ती सावकाश आत सोडत होती. मातीची भट्टी तापवणं सोपं, निववणं महाकठीण. म्हणून तिला चढतानाच धरायचं असतं. हवं ते तापमान वीसेक अंश लांब असतानाच खिडक्या बोटभर फटीवर आणायच्या, मग दहापंधरा मिनिटं हात लावायचा नाही. नवशिका दर दोन मिनिटांनी खिडकी सरकवतो आणि कालच्या चुकीवर आजची चूक चढवतो.

यामागचं गणित साधं आहे. निखाऱ्याची धग कोळसा किती आहे त्यावर कमी आणि त्याला हवा किती मिळते यावर जास्त ठरते. हवेत प्राणवायू २१ टक्के. तेवढाच त्याचा खुराक. गरम हवा हलकी होऊन वरच्या भोकातून निघते आणि जाताना खालून गार हवा ओढून घेते. यातलं एक भोक आवळलं तरी दुसऱ्याचा ओढा मंदावतो. दोन्ही बंद केली तर आग गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. मात्र गुदमरलेल्या भट्टीचं झाकण एकदम उघडायचं नाही. आत जळाऊ वायू कोंडलेला असतो. त्याला हवा मिळाली की भडका थेट भुवयांपर्यंत येतो. आधी झाकण दोन बोटं उचलायचं, तिला श्वास घेऊ द्यायचा, मग पुरतं उघडायचं. (आणि कोळशाची कुठलीही भट्टी उघड्यावरच. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचा जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड अशाच उपाशी निखाऱ्यातून निघतो, आणि त्याला वास नसतो.)

आता धनजच्या शेतात परत येऊ. तिथे ना भिंत, ना झाकण, ना खिडक्या. उघड्या रानात गोवऱ्या रचून पेटवलेला जगरा, वर वाहता वारा. तरी रोडगा आतपर्यंत शिजतो आणि बाहेरून जळत नाही. मग खिडकी कुठे आहे?

ती राखेत आहे. लाकूड जळलं की शंभर भागांतला एकदीड भाग राख उरते. गोवरीची राख त्याच्या कितीतरी पट असते. शिवाय ती झडून पडत नाही, गोवरीच्याच आकारात वर साल धरून राहते. या सालीतून हवा आतल्या निखाऱ्यापर्यंत झिरपत झिरपत पोचते, त्यामुळे गोवरी भडकत नाही, धुमसते. पऱ्हाटीला हे कवच नाही. ती भडाडा पेटते, चहाला आधण आणते आणि दहा मिनिटांत संपते. गोवरी आपली खिडकी स्वतःच बनवत जळते. मामांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण मी जाळाकडे टक लावून बसलो की ते म्हणायचे, "आग नोको पाहू, राख पाह्य."

रोडगा पाहिला नसेल त्यांच्यासाठी : गव्हाची जाडसर कणीक मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची. तीनचार लहान पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचाच नैवेद्य लागतो, आणि एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तोही रोडग्याचाच.

हा गोळा मुठीएवढा जाड असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. कणकेत पाणी आहे तोवर आतला भाग १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. बाहेरचा पापुद्रा मात्र वाळला की दीडशेच्या पुढे जातो, तांबूस होतो, खमंग वास सुटतो आणि तसाच राहू दिला तर कोळसा होतो. आच फार झाली तर बाहेर काळा, आत कच्चा. म्हणून ज्वाळा आणि धूर दोन्ही संपेपर्यंत थांबायचं. धूर म्हणजे गोवरीतून निघणारे, पुरते न जळलेले वायू. त्यात भाजलेलं कडू लागतं. कामाडोतही दाट पांढरा धूर विरेपर्यंत जाळीवर काही ठेवत नाहीत, ते याचसाठी.

मग काठीने जगरा फोडून पसरायचा, रोडगे मधे मांडायचे, वरून गरम राख आणि बारीक निखारे ओढायचे. लाल दिसणारा निखारा सहाशे अंशांच्या आगेमागे असतो. त्याचा नुसता स्पर्शही कणकेला सोसत नाही. पण मधे बोटभर राख आली की चित्र पालटतं. राख भुसभुशीत, कणाकणांत हवा कोंडलेली. तिच्यातून उष्णता रेंगाळत जाते. एकच राख निखाऱ्याची हवा तोडते आणि रोडग्याला आचेपासून वाचवते. तिचा थर कमीजास्त करणं हीच इथली खिडकी. मामी उलटा तळहात वर धरायच्या. दोनतीन आकड्यांतच काढावा लागला तर आणखी राख ओढायच्या, निवांत धरता आला तर काठीने थोडी सारायच्या. अर्धापाऊण तास, मधे एकदा उलटायचं.

हीच राख कामाडोत वैरी होते, याची मला मोठी गंमत वाटते. तिथे ती बुडाच्या जाळीची भोकं बुजवते आणि भट्टी काही केल्या तापत नाही. म्हणून दर वेळी आधी राख काढायची. मित्राच्या गच्चीवर मी रोडगेही करून पाहिले : १९० अंश, निखाऱ्यावर आडवी मातीची फरशी, पाऊण तास. सोनेरी झाले, आतून मऊही होते. पण धनजच्या रोडग्याची ती कडक, राखेने ठिपकेदार झालेली साल काही आली नाही. तिथे राख गोळ्याला चहूबाजूंनी बिलगते, इथे तो हवेत भाजतो.

भाजलेले रोडगे गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरून हलवायचे, राख झडते. मग बुक्कीने फोडायचे आणि भेगेत तूप ओतायचं.

जेवणानंतर जगऱ्याची जागा पांढरीशुभ्र आणि थंडगार दिसते. आठवीत असताना मी तिच्यावरून अनवाणी धावलो. आगीतून फुफाट्यात पडणं वाईट का, ते माझ्या टाचेला त्या दिवशी कळलं : ज्वाळेपासून माणूस लांब पळतो, फुफाट्यात मात्र बेसावध पाय टाकतो. पुढचे आठ दिवस मी एका चपलेवर काढले. निघताना मामा आजही तिथे दोन बादल्या पाणी ओततात, काठीने राख उकरतात आणि फस्स आवाज पुरता थांबल्याशिवाय गाडीत बसत नाहीत.