बुलेट तेल का गाळते?

मराठवाड्यातल्या गारखेड्यात जुनी बुलेट कुठे उभी असते, ते फरशीवरच्या काळ्या डागावरून कळतं. मालक लगेच पॅकिंग बदलतो. दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

३५० सीसीच्या या जुन्या, बिडाचा सिलिंडर असलेल्या इंजिनात ७० मिलिमीटरचा दट्ट्या ९० मिलिमीटर खाली-वर होतो. तो खाली येताना साधारण ३४६ घनसेंटिमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. तिला बाहेर सोडायला बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असते. हवा बाहेर जाते, आत येत नाही. रबर कडक झालं किंवा नळी चोंदली की आतला दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर पडतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेल पातळ होतं, मग विचारूच नका. झडप अगदी स्वस्त, तरी सगळ्यात शेवटी तपासली जाते!

गळती शोधायची तर इंजिन रॉकेलने धुवा, कोरडं करा, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी थोडी चालवा. पावडर जिथे आधी ओली होते, तिथेच खरी गळती. खालचा सगळा ओघळ. कव्हर वाकलं असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या. स्क्रू आवळत सुटू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. सिलिकॉन सीलंटही बेतानेच, जास्तीचं आत सुटून तेलाची वाट अडवतं.