पेढीवरील संगणक आणि जाळ्यातील आडत्या

आडत म्हणजे काय, हे व्यापारी बंधूंस सांगणे नलगे. परगावचा माल आपण स्वतः न जाता आडत्यामार्फत खरेदी करतो. विकणारास आडत्या दिसतो, आपण नव्हे. संगणकाच्या जाळ्यात हेच कार्य करणाऱ्या सर्व्हरला प्रॉक्सी म्हणतात आणि आपल्या संगणकाचा व्यवहार त्याच्याकडे वळविणाऱ्या प्रोग्रॅमला प्रॉक्सी क्लायंट. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर अमलात आला आणि विवरणपत्रांसाठी इंटरनेट लहान पेढीवरही अपरिहार्य झाले. मुख्य पेढी व शाखा यांचा इंटरनेट-व्यवहार एकाच दारातून जावा, त्याची नोंद राहावी, नको ती संकेतस्थळे बंद ठेवता यावीत, यासाठी ही योजना उपयुक्त होय.

क्लायंट बसविण्यापूर्वी तो निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. विंडोजमध्ये त्या फाईलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये निर्मात्याची डिजिटल सही पाहता येते. नाणे वाजवून घेण्यासारखीच ही पारख आहे. पुढे चार गोष्टी भराव्या लागतात : सर्व्हरचा पत्ता, पोर्टचा क्रमांक, प्रॉक्सीचा प्रकार आणि, मागितल्यास, नाव व पासवर्ड. प्रकार मुख्यतः दोन, एचटीटीपी व सॉक्स. सॉक्सची पाचवी आवृत्ती १९९६ साली प्रमाणित झाली. तिचे रूढ पोर्ट १०८० होय. स्क्विड या प्रसिद्ध प्रॉक्सी-प्रोग्रॅमचे पोर्ट ३१२८ असते. तथापि आपल्या व्यवस्थापकाने दिलेला क्रमांकच प्रमाण मानावा.

पेढीतील छपाईयंत्र व हिशेबाचा संगणक यांचे पत्ते अपवादांच्या यादीत घालावेत; शेजारच्या दुकानाचा माल कोणी परगावच्या आडत्याकडून मागवीत नाही! सर्वच प्रोग्रॅम विंडोजची प्रॉक्सी-योजना पाळत नाहीत, आणि फायरफॉक्समध्ये ती स्वतंत्रपणेही ठरविता येते. म्हणून आपला बाह्य पत्ता क्लायंट चालू करण्यापूर्वी व नंतर पडताळून पाहावा. क्लायंट अर्धवट बंद पडल्यास जुनी नोंद मागे राहून ब्राउझर चालेनासा होतो. अशा वेळी विंडोजच्या 'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क' विभागात प्रॉक्सी बंद करावी.

येथवर यंत्राचा भाग झाला; मुख्य प्रश्न विश्वासाचा आहे. प्रॉक्सी स्वतःहून मजकूर कुलूपबंद करीत नाही. एचटीटीपीएस संकेतस्थळावर मजकूर सुरक्षित राहतो. पण आपण कोठे जातो ते प्रॉक्सीवाल्यास बहुधा कळते. त्याचे प्रमाणपत्र संगणकात विश्वसनीय म्हणून बसविल्यास तो आतील मजकूरही वाचू शकतो. मग बँकेचा व कर-खात्याचा पासवर्ड आपला एकट्याचा राहिला असे कोणी म्हणावे? अनोळखी आडत्याच्या हाती कोणी तिजोरीची किल्ली देत नाही. फुकट मिळणाऱ्या अज्ञात प्रॉक्सीचा मोह म्हणूनच कटाक्षाने टाळावा.

आणखी एक गोष्ट. आडत्याच्या आड लपून राज्याचा कायदा चुकविणे आपल्या परंपरेस मान्य नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रमाची गणना आहे. पत ही आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ठेव होय. नव्या यंत्राचा स्वीकार अवश्य करावा, परंतु जुन्या सावधपणास रजा देऊ नये, एवढीच सभासद बंधुभगिनींस आमची नम्र विनंती.