वारा बाहेर कुठून पडतो?

बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान वडगाव निंबाळकरच्या उसावरून घरघरत गेलं, की मान आपोआप वर जाते. असं विमान कधी जवळून बघायला मिळालं, तर आधी त्याचं नाक बघा. प्रोपेलरच्या मागे दोन भोकं दिसतील. या जातीच्या बहुतेक इंजिनांना रेडिएटर नसतो, पाणी नसतं. जो काही गारवा मिळायचा तो वाऱ्याकडूनच.

भोकांतून शिरलेला वारा इंजिनाच्या वर कोंडला जातो. पत्र्याचे आडोसे आणि रबरी पट्ट्या त्याला पळवाट ठेवत नाहीत. मग तो सिलिंडरच्या पातळ पात्यांमधून मुकाट्याने खाली उतरतो आणि पोटाखालच्या फटीतून बाहेर पडतो. हे जमवून आणतं ते इंजिनावरचं झाकण, म्हणजे काउलिंग. अमेरिकेत फ्रेड वाइक आणि सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमाराला काउलिंगवर प्रयोग केले. ते बसवल्यावर लॉकहीडच्या एका विमानाचा वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ वर गेला. इंजिन तेच!

इंजिन तापतंय म्हटल्यावर कुणीही पुढचं भोक मोठं करायला धावेल. गंमत अशी, की दुखणं बऱ्याचदा मागे असतं. बाहेरची फट अरुंद असेल, तर पुढून आलेला वारा तोंडाशीच तुंबतो आणि बाजूने निघून जातो. म्हणून स्वतः विमान बांधणारे खालची फट रुंदावतात, तिच्या काठाला बाहेर झुकलेला ओठ देतात. त्या ओठामागे दाब घटतो आणि आतली गरम हवा ओढली जाते.

फायबरच्या गणेशमूर्ती करणाऱ्या कारागिराला यातलं निम्मं काम येतंच. झाकण कापायचं, फोम चिकटवून पॉलिश पेपरने वळण आणायचं, वर एपॉक्सीत भिजवलेल्या काचेच्या कापडाचे थर द्यायचे, शेवटी आतला फोम कोरून काढायचा. जुन्या कडेला मात्र लांब उतार घासून घ्यावा लागतो, नाहीतर थरथरीने सांध्यावरच भेग पडते. रेझिन थोडंथोडंच कालवायचं. मगात जास्त राहिलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. आणि लांबी थापून चुका झाकू नयेत, ती नुसतं वजन वाढवते.

आपल्याकडे स्वतः विमान बांधण्याचा उद्योग करणारे विरळा. अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०२० मध्ये धुळ्यात त्याची उड्डाण चाचणी झाली. धातूकाम, कागदपत्रं, परवाने हे सगळं सांभाळणाऱ्याच्या चिकाटीपुढे मी तरी हात जोडतो.

रुंदावलेल्या फटीची खरी परीक्षा मे महिन्यातल्या चढाईत. वेग कमी, इंजिन पूर्ण ताकदीवर, बाहेरची हवाच चाळीस अंशांची. अशा वेळी काहीजण पाणी भरलेली पारदर्शक नळी कॉकपिटमध्ये लावतात. तिचं एक टोक इंजिनाच्या वर, दुसरं खाली. दोन बाजूंच्या पाण्यात काही इंचांचा फरक दिसला, की समजायचं वारा पात्यांमधून नीट उतरतोय.