दहा जणांनी अकराव्याची जागा कशी भरली?

आपल्याकडे हॉकीचा विषय निघाला की बोलणे जादूपाशी येऊन थांबते. ध्यानचंद यांना जादूगार म्हटले गेले आणि यश म्हणजे मनगटातली जन्मजात करामत, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत मोठी सोयीची आहे. कारण जे जन्मजात, ते कुणाला शिकवण्याची जबाबदारीच उरत नाही! म्हणूनच ती पुराव्यावर तपासली पाहिजे.

पुरावा पॅरिस ऑलिम्पिकचा आहे. ४ ऑगस्ट २०२४ रोजी उपान्त्यपूर्व सामन्यात भारतासमोर ग्रेट ब्रिटन होते. १७व्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदास यांची स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या तोंडाला लागली आणि त्यांना लाल कार्ड मिळाले. लाल कार्ड मिळालेला खेळाडू परत येत नाही आणि त्याच्या जागी दुसराही घेता येत नाही. ६० मिनिटांच्या सामन्यातली उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. २२व्या मिनिटाला हरमनप्रीत सिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. २७व्या मिनिटाला ली मॉर्टन यांनी बरोबरी साधली. पुढच्या अर्ध्या तासाहून अधिक वेळात ब्रिटनला दुसरा गोल करता आला नाही. शूटआउटमध्ये भारत ४-२ ने जिंकला.

दुसऱ्या दिवशी गोलरक्षक श्रीजेश यांचे कौतुक झाले. ते रास्तच होते. पण बाकीचे नऊ जण काय करीत होते, हे किती जणांनी पाहिले?

हॉकीत गोल होतो तो गोलपुढच्या वर्तुळातून मारलेल्या फटक्यावरच. त्याची त्रिज्या १४.६३ मीटर. म्हणजे माणूस कमी पडला तर ९१.४० मीटर लांब नि ५५ मीटर रुंद मैदान सगळे राखायची गरज नाही. मैदानाचा मधला भाग सोडून द्यायचा आणि गोलसमोरची वाट बंद करायची. बचावपटूने चेंडू आणि गोल यांच्यामध्ये असे उभे राहायचे की, समोरच्याला कडेकडेनेच जावे लागेल. कडेची रेषा ओलांडता येत नाही आणि तिरक्या कोनातून ३.६६ मीटरचे गोलचे तोंड आणखी अरुंद होते. चेंडू उजवीकडे गेला की सगळी फळी उजवीकडे सरकली पाहिजे. एकजण जरी मोहाने चेंडूमागे धावला, तरी मागे खिंडार पडते.

अकरा विरुद्ध दहा असताना समोरचा एक माणूस मोकळा राहणारच. तो गोलपासून सर्वांत दूरचा असावा, हे ठरवणे बचावाच्या हाती असते. त्यासाठी आघाडीच्या खेळाडूंना मागे येऊन चेंडू देण्याच्या वाटा अडवाव्या लागतात. या धावण्याची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही.

रोहिदास यांच्यावर एका सामन्याची बंदी आली. ६ ऑगस्टच्या उपान्त्य सामन्यात जर्मनीने भारताला ३-२ असे हरवले. केवळ त्यांच्या गैरहजेरीमुळे हरलो, असे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. पण पेनल्टी कॉर्नरवर सर्वांत पुढे धावत जाऊन फटका अंगावर झेलण्याची तयारी ठेवणारा हा माणूस होता. त्याची किंमत आपल्याला तो नसताना कळली. पुढे ८ ऑगस्टला स्पेनला २-१ ने नमवून भारताने कांस्यपदक मिळवले.

१९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर हॉकी खेळली गेली. तेथे भारत सातवा आला. चेंडूचा वेग वाढला आणि चुकीच्या जागी उभे राहून मनगटाने सावरून घेण्याचे दिवस संपले. हिरवळ महाग आहे. ती गावोगावच्या शाळांना परवडणारी नाही, तेव्हा तिची मागणी शासनाकडे करावीच लागेल. पण कुठे उभे राहायचे, चेंडू जवळ नसताना कुठे सरकायचे, हे मुरमाच्या मैदानावरही शिकवता येते. त्यासाठी शिकवणारा हवा आणि शिकवण्याची इच्छा हवी.

म्हणून शाळेच्या संघनिवडीला गेलात तर गोल किती केले एवढेच विचारू नका. चेंडू नसताना हा मुलगा, ही मुलगी कुठे होती, हेही विचारा. आणि उत्तर 'चुकीच्या जागी' असे आले, तर योग्य जागा त्यांना कुणी दाखवली होती का, हा पुढचा प्रश्न प्रशिक्षकाला विचारा.