कपड्याच्या पट्टीवरून काय कळते?

शर्टाच्या आतल्या शिवणीत असलेली छोटी पट्टी मानेला टोचते म्हणून आपण बहुधा कापून टाकतो. तीवर कापडातील तंतूंचे प्रमाण छापलेले असते : १०० टक्के कॉटन, किंवा ६५ टक्के पॉलिस्टर व ३५ टक्के कॉटन. हल्ली अनेक ब्रँड आपला माल ‘पर्यावरणपूरक’ असल्याचे सांगतात. हा दावा दुकानात उभ्या उभ्या तपासण्याचे सामान्य ग्राहकाच्या हाती असलेले साधन म्हणजे ही पट्टीच होय. मात्र हे साधन कुठवर चालते, तेही ठाऊक असले पाहिजे.

सुती कापड चांगले आणि पॉलिस्टर वाईट, अशी सरळ वाटणी पुष्कळजण करतात. ती अपुरी आहे. कापसाचेच पाहा. कापसाच्या सिंचनासाठी सोव्हिएत राजवटीने अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवले, आणि एकेकाळी जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर असलेला अरल समुद्र १९६० च्या दशकापासून आटत गेला. विदर्भातील बहुतांश कापूस याउलट कोरडवाहू. तो पावसाच्या भरवशावर पिकतो. पाण्याच्या हिशेबात दोहोंत मोठे अंतर आहे, परंतु पट्टीवर दोहोंना शब्द एकच : कॉटन. आपल्या कापसाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी कापूस वेचलेला असेल. त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

‘सेंद्रिय कापूस’ हे शब्द प्रमाणपत्रासह असतील तरच त्यांना वजन आहे. ‘गॉट्स’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असल्यासच कपड्याला ‘सेंद्रिय’ म्हणता येते. ७० टक्क्यांवर ‘सेंद्रिय तंतूंपासून बनविलेले’ एवढेच. प्रमाणपत्रही निर्दोष नसते. २०२० मध्ये याच संस्थेने भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या प्रमाणपत्रांवर सेंद्रिय ठरविल्याचे उघड केले होते.

पॉलिस्टर खनिज तेलापासून बनते आणि जगातील तंतूउत्पादनात निम्म्याहून अधिक वाटा आज त्याचाच आहे. ‘पुनर्वापरित पॉलिस्टर’ ऐकायला छान वाटते. पण ते मुख्यतः प्लास्टिकच्या बाटल्यांपासून येते, जुन्या कपड्यांपासून नव्हे. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, शर्टाचा पुन्हा शर्ट होणे मात्र अजून दुर्मीळच. शिवाय धुताना सुटणारे सूक्ष्म तंतू नव्या व जुन्या पॉलिस्टरमध्ये सारखेच पाण्यात जातात. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्याचे असले, तरी ते बनविताना लागणारा कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला अपायकारक असतो. त्याचाच भाऊबंद असलेल्या लायोसेलमध्ये द्रावक जवळजवळ पूर्णपणे परत मिळवून पुन्हा वापरतात, म्हणून तो उजवा.

मिश्र कापडाचे तंतू वेगळे करणे कठीण असते, म्हणून त्याचा पुनर्वापर अडतो. तरीही शालेय गणवेशासाठी टेरिकॉट वापरले जाते ते उगाच नव्हे : ते टिकते, लवकर वाळते, धाकट्या भावंडालाही पुरते. पाच वर्षे अंगावर राहिलेला टेरिकॉटचा शर्ट एका हंगामात विटलेल्या सुती शर्टाहून वाईट, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

म्हणून ब्रँड पारखायचा तर त्याच्या ‘हरित’ मांडणीपाशी थांबू नये. नेहमीच्या फळीवरचे दहा कपडे उलटून पाहावेत. दहांपैकी एकच सेंद्रिय आणि बाकीचे तेलाचे असतील, तर जाहिरात त्या एकाच कपड्याची आहे. शिवण, कापडाची घनता आणि दर आठवड्याला नवा माल येतो की नाही, हेही पाहावे. शिवणाऱ्या हातांविषयी मात्र पट्टी काहीच बोलत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे शिवलेल्या कपड्यांनाही अशाच पट्ट्या होत्या. त्यासाठी ब्रँड आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करतो का, हे विचारावे लागते.

ताग्यातून कापड घेताना पट्टी नसते. तेव्हा दुकानदाराकडून चिंधी मागून घ्यावी आणि तिचा एक धागा घरी वडीलधाऱ्यांनी जपून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. मणी आणि राख दोन्ही दिसली, तर कापड मिश्र आहे.