आनंदनगर ते खांदेरी, मुक्काम थळ

अंबरनाथच्या आनंदनगरहून निघालो. पहाटेची लोकल, कुर्ल्याला हार्बर, डॉकयार्ड रोडला उतरून भाऊचा धक्का. मांडव्याची रो-रो तासाभरात पोचवते. ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. रात्री थळला कॉलेजच्या मित्रांकडे मुक्काम: बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, पंधरा वर्षांच्या साठलेल्या गप्पा. सकाळी कोळ्यांच्या होडीतून खांदेरी. 1679 मध्ये शिवरायांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला हा जलदुर्ग 2025 पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथला एक खडक दगडाने ठोकला की तांब्याच्या हंड्यासारखा टणटण वाजतो. कान लावून ऐकाच! भरती-ओहोटीची वेळ नाखव्याला आधी विचारा. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, दर्या खवळलेला असतो.